पाठवणीचा देखावा

आई आरशासमोर केस विंचरत होती आणि चक्क गुणगुणत होती. मी दारातच थबकले. आमच्या घरात गुणगुणायची पद्धत नव्हती. रेडिओ होता, पण तो बातम्यांपुरता. गाणं लागलं की आई कान पिळून बंद करायची, म्हणायची, डोकं उठतं. आणि आज ही बाई सनईची कसलीशी सुरावट नाकातल्या नाकात घोळवत होती.

स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर ओट्यावर डबा भरलेला. एका पुडात भरलं वांगं, वर तेलाचा तवंग. दुसऱ्यात ज्वारीच्या भाकरी, तव्यावरून नुकत्या उतरलेल्या. तिसऱ्यात लसणाची चटणी. आता आमच्या घरचं जेवण सांगते. आमटी, भाकरी, पालेभाजी, आणि सणाला शेवयांची खीर. आमटी अशी की तिच्यात आपलं तोंड दिसावं. मी कधी कुरकुरले तर आई म्हणायची, पोट भरतं ना? एकवीस वर्षं हे ऐकून मी मोठी झाले होते. भरलं वांगं कसं करतात हे हिला येतं, हेच मला त्या आठवड्यात कळलं.

मी विचारलं, कुठं निघालीस.

आलेच म्हणाली. डबा पिशवीत घातला, चप्पल पायात सरकवली आणि गेली. संध्याकाळचे सात वाजले असतील.

तो गणपतीतला सहावा दिवस. आमच्या विट्यात गौरी गेल्या की देखाव्यांना खरा रंग चढतो. गल्लीगल्लीत मांडव, रस्त्यावर बसलेली बायापोरं, भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पडलेला. मला ते कधी आवडलं नाही, आजही आवडत नाही. एका चौकात भक्तिगीत, पुढच्या चौकात सिनेमातलं, आणि दोन्ही कर्णे एकमेकांच्या उरावर बसलेले. आईलाही ते आवडत नसे. आम्ही दोघी घरच्या गणपतीची आरती करून दार लावून घ्यायचो. म्हणूनच तर हे रोजचं बाहेर जाणं माझ्या डोक्यात किडा सोडून गेलं.

बाबा मी अडीच वर्षांची असताना छातीच्या दुखण्यानं गेले. सूतगिरणीत कारकून होते. भिंतीवर एक फोटो, त्यात ते इतके गंभीर दिसायचे की त्यांना आई कधी हसून काही बोलली असेल असं वाटायचं नाही. त्यांच्याबद्दल घरात बोलणं नव्हतं. विचारलं तर आई म्हणायची, चांगले होते, आणि मशीनचं चाक फिरवायला लागायची. लोकांचे ब्लाऊज शिवून तिनं मला बी.ए.पर्यंत शिकवलं. पन्नाशीला टेकलेली बाई. तिच्याबद्दल शंका घ्यायची म्हणजे माझीच मला लाज वाटत होती. तरी मी घेतली. आणि ती का घेतली, तेही सांगते.

माझं लग्न ठरत आलं होतं. कराडचे निकम. मुलगा उदय, पाटबंधारे खात्यात. बघण्याचा कार्यक्रम होऊन गेला होता, मुलगा मला आवडला होता, उगाच खोटं कशाला बोलू. त्याची आई मात्र करड्या नजरेची. वडील नसलेलं घर म्हणून तिनं पहिल्याच भेटीत चारदा आमचं घर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी ती पक्कं बोलायला येणार होती. हे स्थळ आणलं होतं आमच्या शेजारच्या सोनाकाकूंनी. निकमबाई त्यांची मावसबहीण. म्हणजे आमच्या घरात भांडं वाजलं तर आवाज कराडला जाणार, अशी सोय.

आणि सोनाकाकूच मला नळावर म्हणाल्या, "नंदे, तुझी आई बरी दिसते हो हल्ली रोज तेली गल्लीत. आम्ही म्हटलं, नवस-बिवस केला की काय."

हसून म्हणाल्या. पण सोनाकाकू हसल्या की समजायचं, आत काहीतरी शिजतंय.

मी म्हटलं, देखावा बघायला जाते.

"रोज? आणि डबा घेऊन?" काकूंनी कळशी कमरेवर घेतली. "जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय."

त्या रात्री आई परत आली तेव्हा मी डबा उघडून बघितला. तिन्ही पुडं लख्ख चाटून पुसलेली. आईच्या पदराला कसलासा वास येत होता. तोंडाला लावायच्या रंगाचा, खोबरेलाचा आणि घामाचा, कॉलेजच्या गॅदरिंगला यायचा तसा. म्हणजे कुणीतरी रंग लावलेला माणूस हिच्या जवळ उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेले.

तेली गल्लीच्या मंडळाचं ते पंचविसावं वर्ष होतं. त्यांनी म्हणे आपला पहिल्या काळात गाजलेला जिवंत देखावा पुन्हा बसवला होता. ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, जिवंत देखाव्यात माणसं रंगमंचावर उभी राहून काम करतात, पण बोलत नाहीत. बोलणं आधीच टेप केलेलं असतं. टेप वाजते, माणसं त्यावर ओठ आणि हात हलवतात. पंधरा मिनिटांत पडदा पडतो, गर्दी उठते, नवी गर्दी बसते, टेप मागं फिरवतात, पुन्हा तेच. असं संध्याकाळपासून सारखं चालू.

देखावा हुंड्यावरचा होता. मांडवात वरबाप सोफ्यावर पाय पसरून बसलेला, स्कूटर मागतो. मुलीचा बाप पगडी काढून त्याच्या पायाशी ठेवतो. मग नवरामुलगाच उठतो, ती पगडी उचलून सासऱ्याच्या डोक्यावर घालतो, बायका टाळ्या वाजवतात, आणि शेवटी सनई लागून मुलीची पाठवणी. सगळं आधीच कळणारं. पण मुलीच्या बापाचं काम करणारा माणूस मात्र भारी होता. उंच, छाती भरलेली, पांढऱ्या मिशा चिकटवलेल्या. ओठ असे हलवायचा की आवाज त्याच्याच गळ्यातून येतोय असं वाटावं. आवाजही जड आणि सावकाश होता, मागच्या माणसापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा.

आई गर्दीत बसली नव्हती. ती रंगमंचाच्या अगदी कडेला, आवाजाच्या मोठ्या काळ्या खोक्याला जवळजवळ टेकून उभी होती. तिथून रंगमंच अर्धासुद्धा दिसत नव्हता. तिथून दिसत होती फक्त मागच्या पडद्याची फट, जिच्यातून काम करणारे आत-बाहेर करत होते. मी मनात म्हटलं, अगदी मोक्याची जागा धरली हिनं.

पडदा पडला. लोक उठले. आई हलली नाही. दुसरा प्रयोग झाला, तिसरा झाला. मग मंडळानं थोडी विश्रांती घेतली आणि आई त्या फटीतून आत गेली. मी कडेनं डोकावले. तो पांढऱ्या मिशावाला एका लोखंडी खुर्चीवर बसून आमच्या घरचं भरलं वांगं खात होता. आई समोर उभी राहून त्याला वाढत होती. त्यानं मान वर करून काहीतरी म्हटलं आणि आई हसली. मी तिला तशी हसताना कधी बघितलं नव्हतं. पुढचं बघायला मी थांबले नाही.

तो माणूस कोण हे शोधायला वेळ लागला नाही. अंकुश गुरव. बाजारात सायकलचं दुकान. बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. झालं की मग. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या दुकानात उभी राहिले. तो ट्यूबचं पंक्चर पाण्यात बघत बसला होता. मिशा नसताना अगदीच साधा दिसत होता.

मी सांगितलं, मी सुमन सावंतांची मुलगी. तो धडपडून उठला, फडक्याला हात पुसले, स्टूल पुढं केलं. चहा सांगू का म्हणाला. त्याच्या त्या अगत्यानं मला आणखीच संताप आला. मी बसले नाही. म्हटलं, माझ्या लग्नाचं चाललंय, परवा कराडची माणसं येणार आहेत, आणि तुमच्यामुळं गावात आमच्याबद्दल बोलायला लागलेत. तुम्ही माझ्या आईचा डबा घेऊ नका.

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "ताई, मी तिथं नुसता उभा राहतो. ओठ हलवतो. डबा मी मागितलेला नाही, वहिनी घेऊन येतात."

"का आणतात?"

"ते वहिनींनाच विचारा. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर मी कसं सांगू?"

वहिनी म्हणे. मला काय कळायचं ते कळलं. मी तशीच पाय आपटत घरी आले.

आई मशीनवर होती. मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, मी काल तेली गल्लीत होते. सगळं बघितलं.

तिचे पाय थांबले. मला वाटलं आता ही चपापेल, रडेल, शप्पथ घालेल. त्यातलं काहीच झालं नाही. उलट तिचा चेहरा उजळला. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझा दंड धरला.

"आलीस? देखावा ऐकलास?"

"ऐकला."

"पुरता ऐकलास? शेवटचं ते, पोरीला सांगतो ते?"

"हो, ऐकलं सगळं."

"मग?" ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "काही वाटलं नाही तुला?"

आता या निलाजरेपणाला काय म्हणावं? मी म्हटलं, काय वाटायचंय, लाज वाटली. तुझी लाज वाटली. माझं लग्न तोंडावर आलंय आणि तू रंग लावलेल्या माणसाला भाकरी भरवतेस. हे शब्द मी माझ्या तोंडानं बोलले.

तिनं माझा दंड सोडला. परत जाऊन मशीनवर बसली आणि बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. तो ओवला जात नव्हता. मी पुढं झाले नाही. मी फक्त एवढं बजावलं की परवा कराडची माणसं आहेत, त्या दिवशी तू घराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस.

"त्या दिवशी शेवटचा प्रयोग आहे," ती म्हणाली. "मी जाणार."

त्यानंतर आम्ही दोघी एका घरात राहून बोललो नाही. मी हिशेब मांडत बसले होते, सोनाकाकूंनी कराडला किती कळवलं असेल, निकमबाई काय विचारतील, मी काय उत्तर देईन. आई दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन गेली. अंबाडीची भाजी होती. वास माझ्या नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं, त्याचाही मला राग आला.

त्या दिवशी निकमबाई उदयला घेऊन चारच्या गाडीनं आल्या, शेजारून सोनाकाकूही आल्या. आईनं तळणीचे मोदक केले होते. खरं सांगते, इतके खुसखुशीत मोदक मी नंतर कधी खाल्ले नाहीत. निकमबाईंनी दोन खाल्ले, तिसरा घेतला, चव छान आहे म्हणाल्या. देण्याघेण्याचा विषय त्यांनी काढला नाही. तारखा बघू म्हणाल्या. माझा जीव जरा खाली बसत होता, तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवला.

"सुमनताई, एक विचारू? मनात ठेवून नातं करू नये म्हणून विचारते. सोना म्हणते, तुम्ही रोज संध्याकाळी तेली गल्लीत जाता. डबा घेऊन."

उदय जमिनीकडं बघायला लागला. सोनाकाकूंनी पदर चाचपला. मी आईकडं बघितलं. मला वाटलं, आता हिनं काहीतरी बनवून सांगावं, नवस सांगावा, मंडळाची माणसं उपाशी असतात असं सांगावं. मी मनातल्या मनात तिला उत्तरं पुरवत होते.

आई म्हणाली, "जाते. आज शेवटचा दिवस आहे. चला, तुम्हीपण चला."

आणि ती खरंच उठली. आत जाऊन डबा घेतला. आम्ही सगळे तिच्या मागून निघालो. रस्त्यात कोण कोण नमस्कार करत होतं, कोण थांबून बघत होतं, मला काही दिसत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझं लग्न माझ्या पुढं चार पावलांवर पिशवी घेऊन चाललंय आणि थोड्या वेळात ते मोडणार आहे. एकदा मी तिच्या बरोबरीला जाऊन हळूच म्हटलं, आई, माझ्यासाठी तरी परत फिर. तिनं चाल कमी केली नाही.

गर्दी मोठी होती. आईनं लोकांना बाजूला सारत निकमबाईंना थेट त्या काळ्या खोक्यापाशी नेलं. देखावा चालू झाला होता. अंकुश गुरव पगडी घालून उभा होता. निकमबाईंनी टाचा उंचावून रंगमंचाकडं बघितलं. इथून नीट दिसत नाही म्हणाल्या.

"दिसायचं काही नाही," आई म्हणाली.

पगडी पायाशी गेली, टाळ्या झाल्या, सनई लागली. तेव्हा आईनं माझा हात धरला. किती दिवसांनी धरला होता. तिनं दुसरा हात खोक्याकडं केला आणि निकमबाईंना म्हणाली, "हे हिचे वडील."

निकमबाईंनी रंगमंचाकडं मान वळवली. "कोण? तो पगडीवाला?"

"तो अंकुश. तो नुसता ओठ हलवतो. तेव्हाही दुसरंच कुणीतरी उभं होतं, यांची तब्येत बारीक, बापाच्या कामाला शोभत नव्हती. पण आवाज यांचा घेतला. हिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास टेप केलाय. मंडळाला यंदा जुन्या सामानात सापडला." आईनं हात खोक्यावर टेकला. "मी विसरले होते हो तो आवाज. कसा होता ते आठवेना झालं होतं. आणि इथून जाता जाता एकदम कानावर आला. हा अंकुश त्यांचे शब्द तोंडात घेऊन रात्रीपर्यंत उभा असतो. त्याला उपाशी कसा ठेवू?"

मग ती माझ्याकडं वळली. "तुला पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण म्हटलं दोन दिवस माझ्यापुरतं राहू दे. मग तू आलीस, म्हटलं, ओळखेल."

मी चारदा ऐकला होता तो आवाज. शब्द न् शब्द ऐकला होता आणि मिशावाल्याचा म्हणून ऐकला होता. आईवर मी अजूनही कधीकधी चिडते, दोन शब्द सांगितले असतेस तर काय बिघडलं असतं म्हणून. त्या वेळी मात्र मी डोळे मिटले. अंकुश गेला, मांडव गेला, मिशा गेल्या. सनई बारीक झाली.

"पोरी," बाबा म्हणाले, "सासरी जाताना मागं वळून बघू नको म्हणतात. तू बघ. मी दारातच उभा आहे." आणि वाक्य संपताना त्यांना एक बारीक खोकला आला. तो कुणी काढून टाकला नव्हता.

मी हमसून हमसून रडायला लागले. रंगमंचावरची नवरी निघाली होती, बायका नाक पुसत होत्या, त्यामुळं माझ्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. सोनाकाकू एका बाजूला तोंड करून उभ्या होत्या. उदय जवळ आला होता, पण त्याला काय करावं कळत नव्हतं.

निकमबाईंनी पाठीवर सोडलेला पदर उचलला. डोक्यावर घेतला, आणि घरातल्या बायका व्याह्यांसमोर घेतात तसा कपाळापर्यंत पुढं ओढला. मग त्या खोक्याकडं तोंड करून, मान खाली घालून म्हणाल्या, "पोरीची काळजी करू नका, दादा. ती आता आमची आहे."